डॉक्टरांपासून लपवलेली बाटली

गेल्या महिन्यात दर्यापूरकडच्या एका आईचा फोन आला. मुलगा सात वर्षांचा, स्वमग्न, त्यात झटके. दोन औषधं चालू असूनही आठवड्यातून दोन-तीनदा त्याचं अंग आखडतं. कुणीतरी मोबाइलवर ‘विजया तेला’ची जाहिरात पाठवली, तिनं ते मागवलं. “ताई, थे गांजाचंच तेल हाय ना? पोराले देऊ का नको?” मी विचारलं, डॉक्टरांना सांगितलं का? “नाई जी. थे रागावतीन.”

त्या ‘रागावतीन’साठी आजचा लेख.

गांजाच्या झाडाचं आणि लेकरांच्या झटक्यांचं नातं जुनं आहे. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले डॉ. ओ’शॉनेसी यांनी १८३९ साली जो निबंध वाचला, त्यात चाळीस दिवसांच्या एका मुलीचे झटके गांजाच्या अर्काच्या थेंबांनी थांबल्याची हकीकत आहे. अकोल्याच्या उत्तरेला, सातपुड्यापलीकडच्या खंडव्यात तर इंग्रजांच्या काळी गांजा सरकारी देखरेखीत पिकायचा. तेव्हा नाव ऐकूनच दचकायचं कारण नाही.

पण एका मुलीची हकीकत म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा मिळाला २०१७ मध्ये. याच झाडातलं, नशा आणणारं टीएचसी वगळून शुद्ध केलेलं सीबीडी, ड्रॅव्हे नावाच्या जन्मजात अपस्माराच्या १२० मुलांवर तपासलं गेलं. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं बिनऔषधी द्रावण. औषधाच्या गटात महिन्याचे झटके साधारण १२ वरून ६ वर आले. दुसऱ्या गटात १५ चे जेमतेम १४ झाले. जून २०१८ मध्ये अमेरिकेनं ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टो या दोन आजारांसाठी त्याला मान्यता दिली. यातली एक गोष्ट जाहिरातवाले सांगत नाहीत: या मुलांची आधीची औषधं बंद केलेली नव्हती.

स्वमग्नतेचं मात्र तसं नाही. इस्रायलमध्ये १५० मुला-तरुणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. वागणुकीच्या एका मुख्य मोजमापात आणि पालकांवरच्या ताणाच्या मोजमापात तेल आणि खोटं तेल यांत फरक दिसला नाही. त्रागा-आदळआपट दुसऱ्या एका मोजपट्टीवर कमी झाली. ‘तेलानं लेकरू बोलायला लागतं’ असं सांगून पैसे घेणाऱ्यांचा मला संताप येतो. मूल बोलावं म्हणून आई गळ्यातलं मोडते, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं.

आता आपल्याकडची बाटली. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात शेंडा-फुलोरा म्हणजे गांजा. फुलोऱ्याविना नुसती पानं त्यात मोडत नाहीत. त्या वाटेनं आयुर्वेदाच्या परवान्यावर विजयाची तेलं विकली जातात. ड्रॅव्हेच्या चाचणीतला डोस होता दिवसाला किलोमागं २० मिलिग्रॅम, म्हणजे अठरा किलोच्या मुलाला ३६०. मी त्या आईला बाटलीवरचं वाचायला लावलं. सीबीडी किती, टीएचसी किती, काहीच लिहिलेलं नव्हतं. मग थेंब मोजायचे कशाच्या हिशेबानं?

मुलाची दोन औषधं कोणती, तेही विचारलं. व्हॅलप्रोएट आणि क्लोबाझाम. ऐकून माझा जीव खाली-वर झाला. सीबीडी व्हॅलप्रोएटसोबत गेलं तर यकृताला त्रास होण्याची शक्यता वाढते. क्लोबाझामसोबत गेलं तर मूल गुंगीत पडून राहू शकतं. यकृताचा त्रास रक्ततपासणीत कळतो, डोस कमी-जास्त करता येतो. पण त्यासाठी तेल चालू आहे हे डॉक्टरांना माहीत तर हवं.

म्हणून अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात, अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात आणि गावोगावच्या दवाखान्यांत बसणाऱ्या बालरोगतज्ज्ञांना माझी विनंती आहे. झटक्यांचं लेकरू समोर आलं की, ‘आणखी काय देता, तेल, काढा, भस्म?’ हे आपण होऊन विचारा, आणि उत्तर ऐकून आवाज चढवू नका. लेकराच्या झटक्यावर ज्या आईला आजूबाजूनं ‘कांदा हुंगव, चप्पल हुंगव’ एवढंच ऐकायला मिळालं, तिनं औषध म्हणून एक बाटली शोधली. त्यात तिचा गुन्हा नाही.

दर्यापूरच्या बाईंना मी एवढंच सांगितलं: चालू गोळ्या एक दिवसही चुकवू नका, तेल उघडू नका, सोमवारी बाटली पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. “तुमीच फोन करून सांगता का त्याईले आधी?” त्यांनी विचारलं. मी नंबर लिहून घेतला.