लग्न लागलें, पण नोंद कोठें आहे?

गेल्या महिन्यांत शेजारच्या गांवची एक बाई आमच्या शाळेच्या ओट्यावर येऊन बसली. तिला अर्ज लिहून पाहिजे होता. नवऱ्यानें शहरांत दुसरी बायको केली, आणि हिनें जाब विचारला तेव्हां तो म्हणतो, "तुझें माझें लग्नच झालें नाहीं, झालें असेल तर कागद दाखव!" बाईचें लग्न वीस वर्षांमागें भटजीवांचून, सत्यशोधक पद्धतीनें लागलें. लग्न लावणारे वडीलधारे गृहस्थ वारले, पत्रिका वाळवीनें खाल्ली, आणि ग्रामपंचायतींत नोंद करावयाची ही गोष्ट त्या वेळीं कोणाच्या ध्यानींमनींही नव्हती. मांडवाला, जेवणावळीला व वाजंत्र्याला कर्ज काढणाऱ्या आमच्या लोकांस एका कागदाची आठवण राहूं नये, ह्याला काय म्हणावें?

बंधुभगिनींनो, नोंद नाहीं एवढ्यावरून लग्न खोटें ठरत नाहीं, हें आधीं पक्कें ध्यानांत धरा. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें वधू किंवा वर ह्यांपैकीं कोणाही एकाकडील रूढ विधीनें लग्न लावण्यास मोकळीक दिली आहे. त्यांत ब्राह्मणच पाहिजे असा एक शब्द नाहीं. नोंद राहिली म्हणून लग्नास बाध येत नाहीं, असेंही त्याच कायद्यांत लिहिलें आहे. तात्यासाहेब फुले ह्यांच्या सत्यशोधक समाजानें पुण्यांत आपलें पहिलें लग्न २५ डिसेंबर १८७३ रोजीं लावलें, त्यास दीडशें वर्षें होऊन गेलीं. तेव्हां आपली पद्धत कांहीं कालची नव्हे.

उलट नुसता कागद म्हणजेही लग्न नव्हे. विमान चालविण्याचें शिक्षण घेतलेल्या दोघांनीं विधि न करतांच लग्नाचा दाखला मिळविला होता. २०२४ सालीं सुप्रीम कोर्टानें सांगितलें, कीं विधि झाला नाहीं तर तो दाखला फुकट.

मग घोडें अडतें कोठें? शाबितीपाशीं. आपल्याच महाराष्ट्रांतला एक खटला १९६५ सालीं सुप्रीम कोर्टांत निकालास लागला. पहिली बायको असतां नवऱ्यानें गांधर्व पद्धतीनें दुसरें लग्न केलें. खालच्या कोर्टांनीं शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टानें सोडून दिलें. कां, तर त्या दुसऱ्या लग्नांत आवश्यक ते विधि झाले, किंवा रूढीप्रमाणें ते लागत नव्हते, हें शाबीत झालें नाहीं. मग जिला स्वतःचें पहिलेंच लग्न शाबीत करतां येत नाहीं, तिनें कोणाच्या दारीं जावें? पोटगीच्या कामीं कोर्ट वर्षानुवर्षांचा संसारही विचारांत घेतें, एवढाच तिला आधार.

मद्रासकडील बांधवांनीं ही ठेंच फार पूर्वीं खाल्ली. पेरियार रामस्वामी ह्यांच्या स्वाभिमान चळवळींत भटजीवांचून लग्नें लागत. १९५३ सालीं मद्रास हायकोर्टानें तसलें एक लग्न बेकायदा ठरविलें. तेथील लोक स्वस्थ बसले नाहींत. १९६७ सालीं अण्णादुराई ह्यांच्या सरकारनें कायदाच सुधारला. आप्तइष्टांसमोर, दोघांस समजेल त्या भाषेंत एकमेकांस पत्करल्याचें बोलून हार किंवा अंगठी घातली, अगर ताळी बांधली, कीं लग्न पुरें. आणि मागें लागलेलीं तसलीं लग्नेंही त्यांनीं कायदेशीर करून घेतलीं.

आपल्याकडे १९९८ चा महाराष्ट्राचा नोंदणीचा कायदा आहे. लग्नापासून ९० दिवसांच्या आंत ग्रामपंचायतींत, शहर असेल तर नगरपालिकेंत, तीन साक्षीदार घेऊन जावें. मुदत टळली तरी घरीं बसूं नये, जाऊन विचारावें. त्या नमुन्यांत पुरोहिताच्या नांवाची व सहीची जागा असते, ती पाहून आमचे लोक बिचकतात. कशाला बिचकावें? ज्यानें मंगलाष्टकें म्हटलीं, मग तो माळी असो, कुंभार असो कीं सुतार, त्यानेंच तेथें ठसठशीत सही करावी.

दुसरें एक कारण बोलूं नये असें आहे, पण बोलतों. नोंद टाळणाऱ्या कित्येक घरीं मुलीचें अठरावें वर्ष पुरें झालेलें नसतें. जन्मतारीख आमच्या शाळेच्या रजिस्टरांत असते, आणि मुलीचा दाखला काढावयास आलेल्या बापाचें तोंड पाहूनच आम्हांस काय तें समजतें. अशा घराला आम्ही नोंदीची वाट दाखवीत नाहीं. लग्न थांबवा म्हणतों.

त्या बाईचा अर्ज लिहून झाला. तिचीं दोन्ही मुलें आमच्याच शाळेंत शिकलीं. रजिस्टरांत बापाचें नांव आहे, आईचेंही आहे, आणि नांव घालावयास आलेल्या बापाची सहीही आहे. तो उतारा काढून दिला. लग्नांत हलगी वाजविणारा म्हातारा हयात आहे, त्याच्याकडे ती मागच्या बाजारीं जाऊन आली. वळवाच्या पावसानें मांडव उडाला आणि अक्षता देवळांत पडल्या, हें त्यास लख्ख आठवतें. कोर्टांत येऊन सांगेन म्हणतो. मात्र गुडघे दुखतात, गाडीचें भाडें कोणी तरी द्यावें.