पेढीच्या किल्ल्या कोणाच्या हाती?

पूर्वीच्या पेढीवर दिवेलागणीच्या वेळी एक रिवाज न चुकता पाळला जाई. मुनीम रोजमेळ जुळवी, चोपडे फडक्यात बांधून कपाटात ठेवी आणि किल्ल्यांचा जुडगा शेठजींच्या स्वाधीन करी. तिजोरीची किल्ली कोणाकडे, वखारीची कोणाकडे आणि केवळ पुढच्या दाराची कोणाकडे, हे सर्वांना ठाऊक असे. नोकरी सोडून जाणारा गुमास्ता आधी किल्ली परत करी आणि मगच उरलेला पगार घेई. या साध्या शिस्तीवर पिढ्यान्पिढ्यांचा व्यवहार उभा होता.

आज साकीनाक्याच्या परिसरात फेरफटका मारला, तर पेढीचे हे रूप पालटलेले दिसते. अंधेरी-कुर्ला रस्ता आणि साकी विहार रस्ता जेथे भेटतात, त्या गजबजलेल्या नाक्याच्या आसपास औद्योगिक वसाहतींचे गाळे आहेत आणि काचेच्या भिंतींची कार्यालयेही आहेत. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून दररोज सकाळी येथे नोकरदारांचा लोंढा उतरतो. त्यातील प्रत्येक जण आपल्या जागेवर बसून सर्वप्रथम एकच गोष्ट करतो. संगणकावर आपले नाव आणि पासवर्ड टंकतो. पेढीची किल्ली आज हीच आहे. फरक इतकाच की ती खुंटीवर टांगलेली दिसत नाही, म्हणून तिचा हिशेबही फारसा कोणी ठेवत नाही.

या किल्ल्यांचा हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थेला डिरेक्टरी सर्व्हिस म्हणतात. संस्थेतील प्रत्येक माणूस, प्रत्येक संगणक, प्रत्येक प्रिंटर आणि प्रत्येक गट यांची एकत्रित नोंदवही, असे तिचे वर्णन करता येईल. अशा नोंदवहीचे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९८८ साली ठरले. मायक्रोसॉफ्टची ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ विंडोज २००० सर्व्हरबरोबर फेब्रुवारी २००० मध्ये आली आणि पुढे जगभरातील कार्यालयांत रुजली. तिच्या मेघावरील भावंडाचे ‘अझुर ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ हे नाव २०२३ साली बदलून ‘एन्ट्रा आयडी’ करण्यात आले. नावे बदलली, तरी तत्त्व तेच राहिले. माणूस कोण आहे हे आधी ओळखायचे आणि त्याला कोठे प्रवेश आहे हे नंतर ठरवायचे.

ही नोंदवही ज्या सर्व्हरवर असते त्यास डोमेन कंट्रोलर म्हणतात आणि त्याची सत्ता जेवढ्या परिघात चालते ते डोमेन. कर्मचाऱ्याने पासवर्ड दिला की हा सर्व्हर त्याला एक तिकीट देतो. दिवसभर निरनिराळ्या ठिकाणी पासवर्ड न देता ते तिकीट दाखवले की काम भागते. सामान्यतः त्याची मुदत दहा तासांची असते. त्यावर वेळेची मोहोर असल्याने संगणकाचे घड्याळ आणि सर्व्हरचे घड्याळ यांत पाच मिनिटांहून अधिक फरक पडला, तर योग्य माणसालाही दारातून परत फिरावे लागते. ‘पासवर्ड बरोबर आहे, तरी आत जाता येत नाही’ या तक्रारीचे मूळ कित्येकदा मागे पडलेल्या घड्याळात सापडते.

अधिकार वाटण्याची रीत मात्र नीट समजून घ्यावी लागते. पन्नास माणसांच्या कार्यालयात प्रत्येकाला स्वतंत्रपणे परवानगी देत बसले, तर वर्षभरात गुंता होतो. म्हणून जाणता व्यवस्थापक आधी गट करतो. हिशेब विभागाचा गट, विक्रीचा गट, गोदामाचा गट. अधिकार गटाला द्यायचे आणि माणसाला गटात घालायचे. विक्रीतला तरुण हिशेब विभागात गेला, तर त्याला जुन्या गटातून काढून नव्या गटात घातले की काम संपले. परंतु घाईत बहुधा नव्या गटात घातले जाते आणि जुन्यातून काढायचे राहून जाते. दहा वर्षांत पाच विभाग फिरलेल्या माणसाकडे मग पाचही विभागांच्या किल्ल्या जमा होतात. त्याच्या मनात काही वाईट नसते. पण त्याचा पासवर्ड चोराच्या हाती लागला, तर चोराला पाचही दारे उघडी होतात.

गटांच्या जोडीला असतात धोरणे, म्हणजे ग्रुप पॉलिसी. पडदा किती मिनिटांनी कुलूपबंद व्हावा, पेन ड्राइव्ह चालावा की नाही, पासवर्ड किती अक्षरांचा असावा, हे सारे नियम एकदा लिहिले की साधारण दीड ते दोन तासांच्या आत प्रत्येक संगणकापर्यंत आपोआप पोहोचतात. दर महिन्याला पासवर्ड बदलण्याची सक्ती हा अनेक कार्यालयांतील जुना नियम. अशा सक्तीने माणसे केवळ शेवटचा आकडा बदलतात, हे अनुभवास आल्यावर अमेरिकेच्या प्रमाण-संस्थेने २०१७ साली आणि मायक्रोसॉफ्टने २०१९ साली ही शिफारस मागे घेतली. लांब पासवर्ड आणि मोबाइलवरील दुसरी पडताळणी यांवर आता भर दिला जातो.

नोकरी सोडून गेलेल्याचे खाते हा सर्वांत दुर्लक्षित विषय. माणूस जातो, निरोपसमारंभ होतो, पण नोंदवहीतील त्याचे नाव तसेच जागे राहते. काही ठिकाणी उलट चूक होते आणि खाते तत्काळ पुसून टाकले जाते. प्रत्येक खात्यामागे एक गुप्त ओळख-क्रमांक असतो आणि सारे अधिकार नावाला नव्हे, त्या क्रमांकाला जोडलेले असतात. खाते पुसून त्याच नावाने पुन्हा उघडले, तरी क्रमांक नवा मिळतो आणि जुन्या फाइलींची दारे बंदच राहतात. म्हणून शहाणी रीत अशी की शेवटच्या दिवशी खाते निष्क्रिय करावे, चालू असलेली सत्रे तोडावीत, कारण आधी दिलेले तिकीट काही तास चालू शकते, आणि कामाचे हस्तांतर पूर्ण झाल्यावरच ते पुसावे.

या सर्वांवर एक किल्ली असते, ती म्हणजे डोमेन ॲडमिनची. ती ज्याच्या हाती, त्याला प्रत्येक दार उघडे. तिच्या बेपर्वा वापराची आणि नोंदवहीची प्रत राखण्यातील हयगयीची किंमत काय असते, याचा धडा साकीनाक्यापासून फार दूर नसलेल्या न्हावा-शेवा बंदराने २०१७ साली पाहिला.

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून बाहेर पडला. जहाजवाहतुकीतील अग्रगण्य डॅनिश कंपनी मर्स्कच्या जाळ्यात तो शिरला. एका संगणकाच्या स्मृतीत रेंगाळलेले पासवर्ड तो उचले आणि त्यांच्या बळावर पुढच्या संगणकात घुसे. ज्या यंत्रावर बड्या अधिकाराच्या खात्याने कोणी काम केलेले असे, तेथून त्याला राजमार्गच मिळे. त्याच समूहाकडून चालवले जाणारे जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनलही त्यात विस्कळीत झाले. कंटेनरची कामे संगणकाविना, हाताने करण्याची वेळ आली.

मर्स्कच्या जगभर सुमारे दीडशे डोमेन कंट्रोलर होते. ते एकमेकांच्या प्रती राखत असल्याने एखादा बंद पडला तरी दुसरा आहे, असा विश्वास होता. सारेच एका तडाख्यात पुसले जातील, ही कल्पना कोणी केली नव्हती. इतर सर्व्हरच्या प्रती सापडल्या, पण नोंदवहीची प्रत सापडेना. शोधाशोध केल्यावर आफ्रिकेतील घाना येथे एकच सर्व्हर सुखरूप आढळला, कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती! तेथील इंटरनेट इतके मंद, की माहिती पाठवण्यास कित्येक दिवस लागले असते. तेथल्या कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. अखेर घानाचा कर्मचारी विमानाने नायजेरियास गेला, तेथे दुसऱ्याच्या हाती हार्ड डिस्क सोपवली गेली आणि ती इंग्लंडला पोहोचली. पुढे दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे करण्यात आले. कंपनीने आपले नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलरच्या घरातील सांगितले. एवढ्या मोठ्या कारभाराला एका खंडित वीजपुरवठ्याने तारले. पण आपल्याला असाच योग लाभेल, या भरवशावर कोणी व्यापार करू नये.

साकीनाक्यातील पन्नास माणसांच्या कार्यालयाला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. व्यवस्थापकाने दोन खाती ठेवावीत. रोजच्या टपालासाठी साधे खाते वापरावे आणि बड्या अधिकाराचे खाते केवळ आवश्यक कामापुरते, वेगळ्या संगणकावर उघडावे. नोंदवहीची एक प्रत जाळ्यापासून तोडून ठेवावी आणि वर्षातून एकदा तरी ती उघडून पाहावी. न तपासलेली प्रत ही रिकाम्या तिजोरीसारखी असते, बाहेरून ती भक्कमच दिसते.

कायद्याचाही आता धाक आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर हल्ल्याची वर्दी सहा तासांत द्यावी लागते आणि संगणकीय नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्यात तर सुरक्षेतील हयगयीसाठी अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आणि एक गोष्ट माणुसकीची. अनेक लहान कार्यालयांत ही सारी जबाबदारी एकाच तरुणाच्या खांद्यावर असते. सर्व सुरळीत असताना तो कोणाच्या खिजगणतीत नसतो, आणि प्रिंटर अडला की सर्वांचा रोष त्याच्यावर येतो. दिवाळीतही त्याचा मोबाइल वाजतो. सर्व किल्ल्या एकट्याकडे असणे हे मालकासाठी जोखमीचे आहे, तसेच त्या तरुणासाठीही अन्यायाचे आहे. काही बिघडले तर संशयाची पहिली सुई त्याच्याकडेच वळते. म्हणून दुसऱ्या एकास तयार करावे, कोणी कोणते अधिकार केव्हा दिले याची नोंद ठेवावी आणि आणीबाणीचा पासवर्ड पाकिटात मोहोरबंद करून तिजोरीत ठेवावा.

जुन्या शेठजींना संगणक ठाऊक नव्हता, परंतु दर सायंकाळी जुडग्यातील किल्ल्या मोजल्यावाचून ते पेढीवरून उठत नसत. आजच्या मालकाने निदान तीन महिन्यांतून एकदा आपल्या व्यवस्थापकाला शेजारी बसवून नोंदवहीतील नावे वरपासून खालपर्यंत वाचावीत आणि प्रत्येक नावापाशी विचारावे, हा माणूस अजून आपल्याकडे आहे का, आणि त्याला एवढ्या किल्ल्या कशासाठी? पन्नास नावांना एक तास पुरतो.