हा पास ‘पास’ होतो का?

शेवटचा पेपर संपला की ग्रुपवर पहिला मेसेज कुठला पडतो? ‘गोवा?’ यात नवीन काही नाही. नवीन एवढंच, की आता त्याखाली कुणीतरी एक रील टाकतं आणि विचारतं, ‘क्रूझने जायचं का भो?’

प्रश्न अगदीच हवेतला नाही. २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ जहाजाने मुंबई-गोवा सफर सुरू झाली. ते पुढे थांबलं, पण २०२१ पासून कॉर्डेलियाची सफर मुंबईहून सुरू झाली आणि तिचं बुकिंग आयआरसीटीसीच्या पर्यटन साइटवरही आलं. भुसावळपासून समुद्र साडेचारशे किलोमीटर लांब असला, तरी बुकिंगची साइट आपल्या ओळखीचीच. चौघांत केबिन, थोडी बचत, थोडी घरून मदत, असा हिशेब जमवणारे ग्रुप आहेत. जमवावाच. पण तिकीट काढून झाल्यावर समोर येतो दुसरा मेनू. वाय-फाय पॅकेज, ड्रिंक्स पॅकेज आणि मोठ्या जहाजांवर हमखास असणारा स्पा पास.

हा पास घ्यावा का? माझं मत आधीच सांगतो. दोन रात्रींच्या सफरीत घेऊ नये. सात रात्रींच्या सफरीत घेणं शहाणपणाचं ठरू शकतं. आणि हे कसं ठरवायचं, ते भुसावळच्या पोरापोरींना कुठल्याही ट्रॅव्हल एजंटपेक्षा जास्त कळायला हवं. कारण आपलं गाव पासवाल्यांचं आहे. रोज सकाळी बोदवड, वरणगाव, सावदा, निंभोरा, रावेरहून मुलं इथे उतरतात. इथली मुलं जळगावला जातात. पास म्हणजे काय, हे आपण वहीच्या आधी शिकतो.

दिवस नाही, फेऱ्या मोजा

पास विकणारा नेहमी एकच भागाकार करून दाखवतो. पासाची किंमत भागिले वैध दिवस. ‘वर्षाचे इतके, म्हणजे दिवसाला फक्त इतके. चहाच्या पैशात जिम!’ हा भागाकार चूक नाही, पण तो तुमचा नाही. तुमचा भागाकार म्हणजे पासाची किंमत भागिले तुम्ही खरोखर किती वेळा जाणार.

रेल्वेचा मासिक पास घ्या. सेकंड क्लासचा पास साधारण १५ एकेरी प्रवासांच्या भाड्यावर बेतलेला असतो. जाऊन-येऊन म्हणजे दिवसाला दोन प्रवास. म्हणजे महिन्यात ८ दिवस कॉलेजला गेलात की पास वसूल. नवव्या दिवसापासून पुढचा प्रवास फुकट. आठ दिवस तर लेक्चर बुडवणारासुद्धा जातो! म्हणून हा पास घ्यावा की नाही, यावर कुणी चर्चाच करत नाही.

आता जरा पुढचं गणित. तिमाही पास मासिकाच्या २.७ पट असतो. तीन महिन्यांत दहा टक्के वाचले म्हणून आपण खूश. पण मध्ये दिवाळीची सुट्टी आणि परीक्षेची रजा आली तर? दोन मासिक पास म्हणजे ३० प्रवासांचे पैसे. तिमाही म्हणजे साडेचाळीस प्रवासांचे. फरक साडेदहा प्रवासांचा. म्हणजे तिसऱ्या महिन्यात तुम्ही फक्त ५ दिवस जाणार असाल, तर सुटी तिकिटं काढलेली बरी. सहाव्या दिवसापासून तिमाही स्वस्त. ही मोजणी पूर्ण भाड्याची आहे. विद्यार्थी सवलत असेल तर हे दिवस साधारण निम्म्यावर येतात. पण पद्धत तीच. आधी कॅलेंडर बघायचं, मग खिडकीवर जायचं.

हीच पद्धत जहाजावर लावू. समजा, संध्याकाळी पाचला मुंबईहून निघालात, मधला दिवस गोव्यात आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला परत. एकूण ४० तास. दोन रात्रींची झोप १४ तास. राहिले २६. गोव्यात उतरून फिरणं ८ तास. राहिले १८. पाच वेळचं जेवण-नाश्ता मिळून ५ तास. राहिले १३. दोन संध्याकाळी शो, डीजे, डेकवर गप्पा यांचे ६ तास. राहिले ७. चढणं-उतरणं, रांगा, आवराआवर २ तास. हातात उरले ५. आणि त्या पाच तासांत सूर्योदयही बघायचाय, फोटोही काढायचेत. प्रामाणिकपणे सांगा, स्पामध्ये किती वेळा जाल? दोनदा. फार तर फार.

आता समजा पास ४,००० रुपयांचा आणि एकदा जायचं तिकीट १,५०० रुपयांचं. दोन वेळा सुटं गेलात तर ३,०००. पास वसूल व्हायला तिसरी फेरी हवी आणि तिसऱ्या फेरीला वेळच नाही. निकाल लागला. आकडे जहाजागणिक बदलतील, तुम्ही खरे घाला. भागाकार हाच ठेवा.

सात रात्रींच्या सफरीत मात्र चित्र बदलतं. तिथे दोन-तीन दिवस जहाज बंदराला लागतच नाही, दिवसभर पाणीच पाणी. रोज एक फेरी धरली तरी सात-आठ होतात. ज्याला वाफेत बसायला खरंच आवडतं, त्याच्यासाठी पास स्वस्त पडतो. म्हणून ‘स्पा पास म्हणजे लूट’ असं सरसकट म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. वस्तू तीच, फेऱ्या वेगळ्या.

विकणाऱ्याला तुम्ही यायला हवे आहात का?

हा दुसरा प्रश्न. तो फारसा कुणी विचारत नाही.

स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके मालमेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन जिमच्या सदस्यांच्या नोंदी तपासल्या. २००६ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या लेखाचं नावच ‘जिमला न जाण्यासाठी पैसे’ अशा अर्थाचं आहे. महिन्याला ७० डॉलरपेक्षा जास्त भरणारे सदस्य सरासरी ४.३ वेळा जात होते. म्हणजे एका फेरीला १७ डॉलरपेक्षा जास्त. त्याच जिममध्ये दहा फेऱ्यांचं कार्ड होतं आणि त्यात एक फेरी १० डॉलरला पडत होती! ही माणसं अडाणी नव्हती. ती फक्त स्वतःबद्दल जरा जास्तच आशावादी होती. एक जानेवारीला आपण सगळेच असतो तशी.

जिमचं गणितच असं असतं. सगळे सदस्य एकाच संध्याकाळी आले तर ट्रेडमिलसाठी रांग जिन्यापर्यंत जाईल. न येणाऱ्यांच्या पैशांवर येणाऱ्यांची जिम चालते.

उलटं झालं तर काय होतं, तेही घडून गेलंय. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने अडीच लाख डॉलरला पास विकायला काढला. आयुष्यभर, कितीही वेळा, फर्स्ट क्लासमधून उडा. घेणाऱ्यांपैकी एकाने दहा हजारांहून जास्त विमानप्रवास केले. शेवटी २००८ मध्ये कंपनीने गैरवापराचं कारण देऊन त्याचा पास रद्द केला. ‘कितीही वेळा’ हे शब्द विकणाऱ्याला परवडतात, पण आपण ते शब्दशः घेत नाही तोवरच.

आता रेल्वेचा पास बघा. तो देणाऱ्याला माहीत असतं, की तुम्ही रोज येणार. एसटीचंही तसंच. मासिक पासाला २० दिवसांचं भाडं घेऊन ३० दिवस प्रवास देतात. त्यावर विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे तुम्ही एक तृतीयांशच भरता. इथे तुमच्या आळसावर कुणाचा धंदा नाही. आणि गंमत बघा, याची जाहिरात तुमच्या मोबाइलवर कधी येत नाही. ज्या पासाच्या मागे जाहिरात, डिस्काउंट आणि ‘शेवटचे दहा उरले’ एवढं सगळं लागतं, त्याच्याकडे जरा संशयाने बघायला काय हरकत आहे?

बारीक अक्षरं

रेल्वेचा पास खिशात असला, तरी आरक्षित डब्यात बसलात तर टीसी काय करतो, हे अप-डाऊन करणाऱ्याला सांगायला नको. कुठली गाडी, कुठला डबा, सुपरफास्टचे वेगळे पैसे की नाही, हे आपण पहिल्याच आठवड्यात शिकून घेतो.

स्पा पासाचंही तेच. त्यात साधारणपणे वाफेची खोली, सॉना, गरम दगडी खुर्च्या, गरम पाण्याचा हौद एवढंच येतं. मसाज, फेशिअल याचे पैसे वेगळे. अनेक जहाजांवर त्यावर सेवाशुल्कही लागतं. आणि डेकवरचा स्विमिंग पूल आणि जिम बहुतेक जहाजांवर तिकिटातच धरलेले असतात. म्हणजे पास घेण्याआधी विचारायचं, ‘यात काय नाही?’ ‘काय आहे’ ते समोरचा न विचारता सांगतोच.

शिवाय, सॉना म्हणजे काय हो? मे महिन्यात दुपारी दोन वाजता आपल्या स्टेशनच्या पुलावर पाच मिनिटं उभं राहिलं की सगळा अनुभव येतो. गरम पाण्यात पाय सोडून बसायचंच असेल, तर चोपड्याकडे अडावदजवळ उनपदेव आहे. गोमुखातून गरम पाणी पडतं. चार जणांचं पेट्रोल वाटून घेतलं की झालं.

‘वसूल’ करायच्या नादात

यावर कुणी म्हणेल, की सगळंच काय पैशात मोजायचं? वाफेत बसून समुद्र बघण्याची किंमत लावता येते का? बरोबर आहे. मजेसाठी खर्च करायला माझी ना नाही. एकदाच जायचंय, मनापासून वाटतंय, परवडतंय, तर एका फेरीचं तिकीट काढा आणि मस्त बसा. माझा आक्षेप पासावर आहे, कारण पास मजेचं काम करून टाकतो. पैसे भरलेत ना, मग चला. बाहेर सूर्य उगवतोय, मित्र डेकवर हाका मारतायत आणि आपण आत घाम गाळत बसलोय, कारण ‘वसूल’ व्हायचंय. लग्नाच्या पंगतीत पैसे वसूल म्हणून पाचवी जिलबी खाणाऱ्याचं पोट काय म्हणतं, ते त्यालाच विचारा.

आणि हा वसुलीचा जोरही फार टिकत नाही. जॉन गोरव्हिल आणि दिलीप सोमण यांच्या १९९८ च्या अभ्यासात दिसलं, की सहा महिन्यांनी पैसे भरणारे हेल्थ क्लबचे सदस्य पैसे भरल्यावर लगेच जास्त येतात आणि मग हळूहळू कमी होत जातात. भरलेले पैसे विसरले जातात. म्हणून गावातल्या जिमला किंवा अभ्यासिकेला वर्षाचे एकदम भरण्यापेक्षा महिन्याचे भरा. थोडे जास्त जातील, पण दर महिन्याला स्वतःला प्रश्न विचारला जाईल, ‘गेल्या महिन्यात किती वेळा गेलो?’ तीन महिने उत्तर चांगलं आलं, तर खुशाल वर्षाचे भरा. तेव्हा तुमच्याकडे आशा नाही, हजेरी असेल.

जो पास सोडू नये

स्पा पास चुकला तर दोन-चार हजार गेले, विषय संपला. पण आपल्या भागात एक दुसरीच चूक होते आणि ती महाग पडते. जो पास डोळे झाकून घ्यायला हवा, तो माहीत नसल्यामुळे घेतला जात नाही. रेल्वेच्या नियमाप्रमाणे घर ते शाळा-कॉलेज या प्रवासासाठी मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत सेकंड क्लासचा मासिक पास मोफत आहे. बाकी विद्यार्थ्यांना पासाच्या भाड्यात ५० टक्के सवलत आहे. हवं असतं कॉलेजचं प्रमाणपत्र. एसटीत अहिल्यादेवी होळकर योजनेत बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींचा शाळेचा प्रवास मोफत आहे.

बारावीनंतर ‘रोजचं भाडं कोण देणार’ म्हणून जिचं नाव घालायचं राहतं, तिच्या घरात हे वाक्य कुणी बोललेलंच नसतं. ऑफिसच्या नोटीस बोर्डावर कधीतरी कागद लागतो, त्यावर दुसरा कागद चिकटतो. ते वाक्य तुम्ही बोला. तुमच्या वर्गात अशी कुणी असेल, शेजारी असेल, मावशीची मुलगी असेल. प्रमाणपत्राचा फॉर्म कुठे मिळतो, सही कुणाची लागते, खिडकी किती वाजता उघडते, हे तिला सांगा. पहिल्या दिवशी सोबत जा. खिडकीवरच्या माणसाने ‘माहीत नाही’ म्हटलं, तर तिथून न हलता पुन्हा विचारायला दोघी असलेल्या बऱ्या.

क्रूझचं नक्की झालं, तर जरूर जा. स्पाच्या दारातून एकदा डोकावून या, अनेक जहाजांवर पहिल्या दिवशी आत फिरवून दाखवतात. त्याला पैसे पडत नाहीत.