मिळाली म्हणून वाचली

का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी मराठी घरात वाचनही येऊन बसले. तेव्हापासून दर दिवाळीला आपण नव्याची वाट पाहतो. यंदा आम्ही जुन्याचा आग्रह धरतो आहोत. या अंकातला एक विभाग जुन्या मराठी कथा-कादंबऱ्यांच्या पुनर्वाचनाला दिला आहे. लिहिणाऱ्यांना अट एकच घातली होती: पुस्तक ई-बुकच्या रूपात वाचायचे, आणि त्याबद्दल ऐकलेली मते वाचून होईपर्यंत बाजूला ठेवायची.

ही अट घालावीशी वाटली, कारण जुन्या कादंबरीवर 'कालबाह्य' असा शेरा आपल्याकडे फार सहज मारला जातो. शेरा मारणाऱ्याने ती वाचलेली असतेच असे नाही, आणि त्याचा सगळा दोष त्याच्याकडेही जात नाही. वाचणार कुठून? आवृत्ती संपलेली, प्रकाशकाने दुकान केव्हाच आवरलेले, ग्रंथालयातली एकुलती प्रत जीर्ण म्हणून कुलपात. परीक्षेच्या नोट्समध्ये लेखकाचे नाव, साल आणि दोन ओळींचे कथानक एवढेच उरले आणि पिढ्यान्पिढ्या त्यावरच मते बनत गेली. कोणती कादंबरी टिकावी हे वाचकांनी ठरवण्याआधी पुनर्मुद्रणाच्या खर्चाने ठरवून टाकले होते. हजार प्रती छापून त्या गोदामात ठेवण्याची ऐपत आणि हिंमत ज्या पुस्तकासाठी कुणी दाखवली नाही, ते पुस्तक मराठी वाचकापुरते संपले. ई-बुकला गोदाम लागत नाही. वर्षाकाठी दहाच वाचक मिळाले तरी ते पुस्तक उपलब्ध राहू शकते. जुन्या साहित्याच्या दृष्टीने याहून मोठी घटना आमच्या आठवणीत नाही.

हरिभाऊ आपट्यांचेच उदाहरण घेऊ. 'पण लक्षांत कोण घेतो?' १८९० पासून त्यांच्याच 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत गेली आणि १८९३ मध्ये तिचे पुस्तक झाले. जाडजूड छापील प्रत हातात घेतली की तिचा विस्तार छातीवर येतो आणि पन्नासेक पानांनंतर बरेच वाचक ती मिटून ठेवतात. फोनवर रोज एकेक प्रकरण वाचत गेले की हा विस्तार कशासाठी आहे ते उमगते. ही कादंबरी एका बैठकीत संपवण्यासाठी लिहिलेलीच नव्हती. कादंबरीची नायिका यमुना, म्हणजे यमू, आपली हकिगत सांगताना मध्येच मागच्या प्रसंगाकडे वळते, घरातली साधी बोलणी सविस्तर देते, वाचकाशी थेट बोलते. आठवड्याने पुन्हा भेटणाऱ्या माणसाशी कुणी बोलावे तसे ते बोलणे आहे. लोकलच्या प्रवासात किंवा रात्री निजण्यापूर्वी थोडे थोडे वाचणाऱ्याला हा सूर लगेच सापडतो. आणि सासरचे शंकरमामंजी विधवा झालेल्या यमूचे केशवपन घडवून आणतात तिथे पोचेपर्यंत तिच्याशी आपली इतकी ओळख झालेली असते की पुढचे वाचवत नाही. जिला आपण अभ्यासक्रमातला एक टप्पा मानत आलो, ती कादंबरी अजून माणसाला रडवते.

याच कादंबरीच्या आधी किंवा लगेच नंतर बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' उघडून पाहावी. ती १८५७ ची. तिच्याही नायिकेचे नाव यमुना. नवऱ्याबरोबर प्रवास करताना तिला ठिकठिकाणी विधवांची दुःखे दिसतात आणि पुढे ती स्वतः विधवा होते. दोन यमुनांमध्ये तेहेतीस वर्षांचे अंतर आहे. पहिली यमुना ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. लेखकाला वाट ठाऊक आहे आणि वाचकाने त्याच वाटेने यावे असे त्याला वाटते. दुसरीला अशी वाट कुणी दाखवत नाही. पदमनजी उत्तर देतात, हरिभाऊ प्रश्न वाचकाच्या पदरात टाकून थांबतात. मराठी कादंबरी प्रचाराकडून कलेकडे कशी सरकली हे समीक्षाग्रंथात वाचणे वेगळे, आणि एकाच आठवड्यात ही दोन पुस्तके पाठोपाठ वाचून स्वतःला जाणवणे वेगळे. पूर्वी हा अनुभव मोठ्या ग्रंथालयाजवळ राहणाऱ्या संशोधकालाच घेता येत असे. आता तो किनवटच्या शिक्षकालाही घेता येतो आणि न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबालाही.

शोधत गेले की यादी वाढत जाते. ज्ञानकोशकार म्हणून ज्यांना आपण नमस्कार करतो आणि पुढे निघतो, त्या श्री. व्यं. केतकरांनी 'ब्राह्मणकन्या' (१९३०) लिहिली. तिच्यातली कालिंदी जातिव्यवस्थेला जे प्रश्न विचारते त्यांची धार अजून गेलेली नाही. मर्ढेकर आपल्याला कवी म्हणून माहीत आहेत, पण 'रात्रीचा दिवस', 'तांबडी माती' आणि 'पाणी' या त्यांच्या कादंबऱ्या किती जणांनी उघडल्या? काशीबाई कानिटकरांची 'रंगराव' तर अनेकांनी नावानेही ऐकलेली नसेल. या सगळ्या कृती थोर आहेत असे आमचे म्हणणे नाही. काही ठिकाणी त्या कंटाळवाण्या आहेत, काही ठिकाणी उपदेश फार होतो. पण तो निवाडा वाचकाने वाचून करावा.

हे सगळे शक्य होते ते कायद्यामुळे. भारतात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो आणि ती वर्षे मृत्यूनंतरच्या पहिल्या जानेवारीपासून मोजली जातात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचे साहित्य २०११ पासून सर्वांचे झाले. मर्ढेकरांचे २०१७ पासून. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले, तेव्हा 'फकिरा' २०३० च्या पहिल्या दिवशी मुक्त होईल. पण विभावरी शिरूरकर, म्हणजे मालतीबाई बेडेकर, २००१ पर्यंत होत्या. त्यांचे 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ चे असले तरी त्यावरचा हक्क २०६१ संपेपर्यंत राहणार आहे. अशा पुस्तकांसाठी वारस आणि प्रकाशक यांनीच पुढे यायला हवे. लेखकाच्या हक्काचा आम्हाला पूर्ण आदर आहे. ज्या पुस्तकाची छापील प्रतही मिळत नाही आणि ई-बुकही निघत नाही, त्याचा हक्क नुसता सांभाळून ठेवल्याने लेखकाला काय मिळते, एवढाच प्रश्न आम्ही वारसांना आदराने विचारतो.

आता ई-बुकांच्या दर्जाविषयी थोडे कडक बोलले पाहिजे. आज ज्याला ई-बुक म्हणतात त्यातला मोठा भाग म्हणजे पानांचे फोटो. स्कॅन करून ठेवणाऱ्यांचे उपकार आहेतच, त्यांच्यामुळे कितीतरी पुस्तके वाळवीच्या तोंडातून वाचली. पण पुष्कळ स्कॅनची नावे रोमन लिपीत अशी वेडीवाकडी नोंदलेली असतात की हरिभाऊंचे पुस्तक शोधायला चार-पाच स्पेलिंगे करून पाहावी लागतात. फोटोतले अक्षर मोठे करता येते, पण मग ओळ स्क्रीनच्या बाहेर जाते. दृष्टिहीन वाचकाच्या फोनला तर ते पान वाचूनच दाखवता येत नाही. युनिकोडमध्ये टाइप झालेला मजकूर फोन मोठ्याने वाचतो, आणि डोळे अधू झालेल्या आजीलाही अक्षर हवे तेवढे करता येते. म्हणून पुस्तकाचा मजकूर व्हायला हवा.

यंत्र हे काम अर्धे करते. पानाच्या फोटोतली अक्षरे ओळखणारा ओसीआर लावला की 'घ'चा 'ध' होतो, 'भ'चा 'म' होतो, जुन्या कागदावरचा डाग अनुस्वार बनतो आणि खरा अनुस्वार गळून पडतो. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या मराठीत 'केलें' आणि 'केले' यांत व्याकरणाचा फरक होता, तिथे एक टिंब हरवले तरी वाक्य बिघडते. असे न तपासलेले मजकूर आज पैसे घेऊनही विकले जातात. कोणत्या आवृत्तीवरून घेतले, लेखन जुने ठेवले की बदलले, यातले काहीच त्यांवर लिहिलेले नसते. आमचे मत स्पष्ट आहे: मोठ्यांच्या कथा-कादंबऱ्यांचे जुने लेखन जसेच्या तसे ठेवावे आणि पहिल्याच पानावर मूळ आवृत्तीचे साल छापावे. जो प्रकाशक एवढेही करत नाही, त्याचे पुस्तक घेऊ नये.

विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथसंग्रहाच्या मराठी शाखेत हे काम नीट चालते. डाव्या-उजव्या बाजूला मूळ पान आणि टाइप केलेला मजकूर असतो. एकाने तपासलेले पान पिवळे होते, दुसऱ्या कुणीतरी पुन्हा तपासल्यावरच ते हिरवे होते. हे काम करणाऱ्या स्वयंसेवकांना पगार नाही, पुस्तकावर नाव नाही. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा २०२४ मध्ये मिळाला, त्याचा आनंद आपण सर्वांनी केला. त्या दर्जाला साजेसे काम ही माणसे करत आहेत, आणि ती संख्येने फार थोडी आहेत.

म्हणून वाचकहो, दिवाळीच्या शुभेच्छांसोबत एक मागणे. यंदा घर आवरताना माळ्यावरची पुस्तके आणि जुने दिवाळी अंक रद्दीत घालण्यापूर्वी मुखपृष्ठ आणि साल पाहून घ्या. लेखक जाऊन साठ वर्षे झाली असतील तर ती प्रत जवळच्या ग्रंथालयाला किंवा स्कॅन करणाऱ्या एखाद्या गटाला दाखवा. आणि सुट्टीच्या दिवसांत जमेल तेव्हा विकिस्रोतावर एक पान, एकच पान, मुळाशी ताडून तपासून द्या.