बिऱ्हाड पाठीवर घेतलेला प्रशिक्षक

दिल्लीत दिल्ली गेटजवळ बाबासाहेबांच्या नावाचे फुटबॉलचे मैदान आहे. २८ जुलै २०११ रोजी या आंबेडकर स्टेडियमवर भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यात विश्वचषक पात्रतेचा सामना झाला. तो २-२ असा बरोबरीत सुटला, पण आधीचा सामना ३-० ने गमावल्यामुळे भारत बाद झाला. पाहुण्या संघाचे प्रशिक्षक होते स्लोव्हेनियाचे स्रेच्को कातानेत्स. त्यांची ओळख आपल्या घरातील मुलांना करून द्यावी, असे आम्हांस वाटते.

स्लोव्हेनिया हा १९९१ साली युगोस्लाव्हियातून वेगळा झालेला देश. लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या नागपूर शहराहूनही कमी. कातानेत्स यांचा जन्म १९६३ चा. खेळाडू म्हणून ते इटलीच्या साम्पदोरिया संघातून खेळले आणि १९९१ मध्ये या संघाने इटलीचे अजिंक्यपद मिळवले. १९९८ मध्ये, पस्तिशीतच, ते देशाच्या संघाचे प्रशिक्षक झाले. युक्रेनला मागे टाकून संघ २००० च्या युरोपीय स्पर्धेत गेला आणि रुमानियाला मागे टाकून २००२ च्या विश्वचषकात. एवढ्याशा देशाने हे करून दाखवले!

पण विश्वचषकात घरातच भांडण पेटले. स्पेनविरुद्धचा पहिला सामना ३-१ ने गेला. त्यात झ्लात्को झाहोविच या सर्वांत नावाजलेल्या खेळाडूला मध्येच बाहेर काढले होते. तो प्रशिक्षकांवर नको ते बोलला आणि त्याला घरी पाठवण्यात आले. कातानेत्स पत्रकारांसमोर रडले आणि स्पर्धेनंतर पद सोडणार असल्याचे त्यांनी सांगून टाकले. उरलेले दोन्ही सामने संघ हरला.

आमच्या मते झाहोविचला घरी पाठवले ते योग्यच झाले. संघापेक्षा मोठा कोणी नाही. परंतु दोन सामने बाकी असताना राजीनाम्याची भाषा करायला नको होती. बाकीच्या पोरांनी कोणाच्या तोंडाकडे पाहून खेळायचे? आपल्या संघटनांमधील फाटाफूट ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना हे अधिक उलगडून सांगण्याची गरज नाही.

पुढे मॅसिडोनिया, अमिराती, पुन्हा स्लोव्हेनिया आणि २०१८ मध्ये इराक. तेथे जनतेचे आंदोलन सुरू असल्याने नोव्हेंबर २०१९ मध्ये इराणविरुद्धचा घरचा सामना जॉर्डनमधील अम्मानला खेळावा लागला. तरीही इराकने तो २-१ ने जिंकला. २०२१ मध्ये मात्र थकलेल्या पगाराच्या वादातून हे काम सुटले. पगार थकणे म्हणजे काय, हे आपल्याकडे गिरणीत हयात घालवलेल्यांच्या घरी कोणी विचारू नये.

त्याच वर्षी ते उझबेकिस्तानला गेले. जानेवारी २०२४ मध्ये कतारमधील आशियाई स्पर्धेत या संघाने आपल्या भारताला ३-० ने हरवले. विश्वचषक पात्रतेची वाटचालही कातानेत्स यांच्याच हाताखाली सुरू झाली. पण जानेवारी २०२५ मध्ये प्रकृतीच्या कारणाने त्यांना काम सोडावे लागले. ५ जून २०२५ रोजी अबुधाबीत उझबेकिस्तानने सामना गोलशून्य बरोबरीत सोडवला आणि हा देश प्रथमच विश्वचषकाला पात्र ठरला. समोर संघ होता अमिरातीचा, म्हणजे त्यांच्याच जुन्या नोकरीचा. त्या दिवशी प्रशिक्षकाच्या जागी तिमूर कापाद्झे होते.