पोपट नव्हे, पोपटी!

बालमित्रांनो, ‘पोपटी’ म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? हिरवा रंग ना? एका सोमवारी मी वर्गात विचारलं, “काल काय काय केलंत?” रायगडहून पुण्यात नवीन आलेला एक मुलगा म्हणाला, “बाई, आजोळी पोपटी खाल्ली.” झालं! “बाई, यानं पोपट खाल्ला!” सारा वर्ग खो खो हसला. खरं सांगू? मलाही हसू आवरलं नाही. त्याचा चेहरा एवढासा झाला.

मधल्या सुट्टीत मी त्याला म्हटलं, “चुकलं माझं. आता तूच आम्हांला शिकव.” सुट्टी संपली. तो फळ्याशी आणि मी बाकावर!

पोपटी हा अलिबाग, पेण, रोहा भागातला थंडीतला बेत. शेतात वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात तळाशी भांबुर्डीचा पाला घालतात. त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी. कोंबडीच्या तुकड्यांना आलं-लसूण, तिखट, मीठ चोळून केळीच्या पानात बांधतात नि मधोमध ठेवतात. वर पुन्हा शेंगा. तोंडाशी पाला गच्च कोंबून मडकं उपडं करतात आणि भोवती काटक्या, पेंढा पेटवतात. पाणी थेंबभरही नाही!

मग करपत कसं नाही? पाल्यात आणि शेंगांत पाणी असतंच. त्याची वाफ मडक्यातच कोंडते आणि सगळं शिजवते. अर्ध्या-पाऊण तासानं मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्रकन उडालं, की पोपटी तयार!

दूर अमेरिकेतल्या बोस्टन शहरातही घेवड्याचे दाणे, खारवलेलं डुकराचं मांस आणि उसाची काकवी मडक्यात घालून तासन्‌तास भट्टीत ठेवायची जुनी रीत आहे. आहे ना पोपटीची लांबची बहीण?

फ्लॅटमध्ये जाळ कुठला? जाड बुडाच्या पातेल्यात केळीचं पान, पेलाभर पाणी, मंडईतल्या पावट्याच्या शेंगा आणि कोंबडीची पुडी घाला. घट्ट झाकण ठेवून मंद आंचेवर शिजवा. गॅस मात्र आई-बाबांनीच पेटवायचा. शेंगा मऊ झाल्या का, कोंबडी आतपर्यंत शिजली का, हेही त्यांनीच पाहायचं. मांस खात नसाल तर पुडी वगळा. शेंगा तितक्याच छान लागतात.

आता आमच्या वर्गात एक नियम आहे. नवा शब्द आला की आधी अर्थ विचारायचा. हसायचं असेल तर नंतर!

तुमच्या आजोळी थंडीत काय शिजतं? आजीला विचारून ठेवा हं!