रंधा वारशाने घ्या, जात नव्हे



बापाने मुलाच्या हाती रंधा दिला तर त्यात वावगे काय, असे आपणांस विचारले जाते. आमचे उत्तर स्पष्ट आहे. रंधा देण्यात काहीच वावगे नाही. त्यासाठी मुलाच्या हातची पाटी काढून घेण्यात सारे वावगे आहे.

गुण्या लावून काटकोन पाहणे, लाकडाची रेष ओळखून रंधा चालविणे, पटाशीने खाच अशी नेमकी पाडणे की खिळ्यावाचून सांधा घट्ट बसावा, ही विद्याच होय. आणि ती देणारा बाप गुरूच होय. परंतु गावगाड्याने या विद्येचे काय केले? सुताराच्या मुलास सुतारकीबाहेर पडू दिले नाही, महाराच्या मुलास तीत शिरू दिले नाही. एकाला बलुत्याच्या धान्याशी बांधले, दुसऱ्यास वतनाच्या नावाखाली राबविले. जातिभेद ही केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली बजावले ते यासाठीच.

ही गोष्ट जुनी झाली, असे समजू नका. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींच्या सरकारने खेड्यांतील प्राथमिक शाळांचा वेळ कमी केला. उरलेल्या वेळी मुलांनी आईबापांचा धंदा शिकावा, अशी योजना होती. पेरियारांनी व इतरांनी तिला कडवा विरोध केला आणि १९५४ साली कामराज सरकारने ती रद्द केली. योजना गेली, विचार मात्र गेला नाही. २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. तीनुसार चौदा वर्षांखालील मुलास शाळेनंतर वा सुटीत घरच्या धोकादायक नसलेल्या धंद्यात मदत करण्याची मुभा आहे. पण कामाचे तास मोजण्यास त्या घरात कोण जाणार? २०२३ साली पंतप्रधान विश्वकर्मा योजना आली. तीत अठरा धंदे आहेत, सुतारकामही आहे. जातीची अट नाही, किमान वय अठरा आहे, अवजारांसाठी पंधरा हजारांचे साहाय्य आहे, हे मान्य. तथापि कौटुंबिक परंपरेने चालत आलेली कारागिरी बळकट करणे हा तिचा घोषित हेतू आहे. कारागिरी बळकट व्हावी. परंपरेचे कुंपण कशासाठी?

कोणी म्हणेल, शिकलेले बेकार हिंडतात, कसब तरी पोट भरते. ठीक. मग हा उपदेश करणाऱ्यांनी आपल्या मुलांच्या हाती वाकस दिला आहे काय? कसब इतके थोर असेल, तर ते सर्वांच्या शाळेत सर्वांच्या मुलांना शिकवा!

मनुष्य कारागीर ठरतो तो कर्माने, जन्माने नव्हे, असे वासेट्ठ सुत्त सांगते. तेव्हा ज्या घरी हे कसब आहे, तेथे ते मुलाला शिकवा आणि मुलीलाही शिकवा. पण शाळेचा एक तासही बुडवू नका. ज्या घरी ते नाही, त्या घरच्या मुलाने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाऊन ते मिळवावे आणि प्रमाणपत्र घ्यावे. रोजगार ठरवूनच कामास हात लावावा.

बापाचे कसब मुलाच्या हाती जावे. बापाची मर्यादा त्याच्या कपाळी लिहिली जाऊ नये. सुतार व्हावयाचे की अभियंता, हे मुलाने ठरवावे. तो निर्णय त्याच्या हाती देणे, हेच आईबापांचे खरे देणे होय.